मित्राबरोबर ट्रेल अल्ट्राची तयारी: सिंहगड-राजगड-तोरणा, ५३ किमी

घाटपायथा

डिसेंबरमधल्या सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रात, म्हणजे डोंगरवाटांवरून पळायच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत, ११, २५, ५३ आणि १०० किमी अशी अंतरं असतात. त्यातल्या ५३ साठी दोघांनी मिळून सराव करायचा तर कसा, यावर हा धागा. रस्त्यावरच्या मॅरेथॉनचे तक्ते मराठीत बरेच आहेत. गडवाटांसाठी, त्यातही जोडीच्या सरावासाठी, एका जागी लिहिलेलं फारसं सापडत नाही. १६ आठवडे हाताशी आहेत आणि दोघेही अर्धमॅरेथॉन आरामात पळतात, असं धरून लिहितो.

दोघांनी रोज शेजारी-शेजारी पळायचं असा समज असतो, आणि दुखापतीची सुरुवात तिथेच होते. समजा एकाचा सोपा वेग किलोमीटरला साडेसहा मिनिटं आहे आणि दुसऱ्याचा साडेसात. रोज बरोबर पळाले तर दुसऱ्याला एकही सोपा दिवस मिळत नाही. चार-पाच आठवड्यांत त्याची नडगी धरते, नाहीतर गुडघ्याची बाहेरची बाजू. पहिल्यालाही वाटतं की सराव चालू आहे, पण त्याचे जोराचे दिवस बोथट झालेले असतात. म्हणून कोणत्या दिवशी बरोबर राहायचं आणि कोणत्या दिवशी वेगळं, हे सुरुवातीलाच ठरवा.

मंगळवारी टेकडी. जागा एकच, वेग आपापला. पुण्यात वेताळ टेकडी, तळजाई, पर्वतीच्या पायऱ्या, काहीही चालेल. बुधवारी सोपं पळणं, पूर्णपणे आपापलं. कसोटी साधी आहे: पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. गुरुवारी ताकदीचे व्यायाम बरोबर करा, तिथे वेगाचा प्रश्न येत नाही. शनिवारी डोंगरात लांब सराव, दोघांनी मिळून. रविवारी दमलेल्या पायांनी तास-सव्वा तास, परत आपापलं. सोमवारी आणि शुक्रवारी विश्रांती, आणि दर चौथ्या आठवड्याला सगळं तिसऱ्या हिश्शाने कमी.

वेग वेगळे असताना बरोबर सराव करायच्या दोन रीती आहेत. सपाट किंवा हलक्या चढाच्या वाटेवर अंतर धरूच नका, वेळ धरा. ९० मिनिटं पळायचं असेल तर दोघांनी एकदम निघायचं आणि ४५ व्या मिनिटाला जो जिथे असेल तिथून मागे फिरायचं. वेगवान माणूस दोन किलोमीटर जास्त करून येईल, पण पोहोचतील दोघे साधारण एकाच वेळी. चढावर दुसरी रीत. आतकरवाडीच्या वाटेने सिंहगडाला जाताना पुढचा माणूस ठरलेल्या मिनिटाला वळतो, मागच्यापर्यंत उतरतो आणि पुन्हा त्याच्याबरोबर चढायला लागतो. मागच्याला ताण येत नाही, पुढच्याला दीडपट चढ मिळतो.

आता मोजमाप. गडवाटेवर नुसते किलोमीटर मोजून काही कळत नाही. आंतरराष्ट्रीय ट्रेल संघटना, म्हणजे आयट्रा, अंतरात दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर मिळवते. आतकरवाडी ते सिंहगड एका बाजूने साधारण पावणेतीन किमी आणि ६०० मीटर चढ. वर जाऊन खाली आलात तर साडेपाच अधिक सहा, म्हणजे साडेअकरा. अशा तीन फेऱ्या केल्या की ३४ च्या आसपास. घड्याळावर फक्त १६ किमी दिसतात म्हणून चौथी फेरी मारायचा मोह होतो, तो आवरा. पहिल्या महिन्यात दोन फेऱ्या, दुसऱ्यात तीन. चार फेऱ्यांचा दिवस संपूर्ण सरावात एकदाच, शर्यतीच्या चार आठवडे आधी.

---

मेधा_क

उत्तम सुरुवात. उताराबद्दल मी भर घालते, कारण ५३ किमीत लोक चढाने कमी आणि उताराने जास्त गळतात.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच ताणला जातो, शरीराचं वजन धरून ठेवतो. त्यात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं. चांगली बाजू अशी की एकदा असा मार बसून स्नायू भरून आला, की पुढचे काही आठवडे तसाच उतार त्याला कमी लागतो. म्हणून शेवटचा जोरदार उतार शर्यतीच्या १० ते १४ दिवस आधी ठेवायचा. शर्यत आठ दिवसांवर आलेली असताना केला तर पाय पुरते भरून न येताच स्टार्टला उभं राहावं लागू शकतं. महिनाभर उतार केलाच नाही, तर मिळालेलं संरक्षण ओसरू लागतं.

ताकदीच्या दिवशी हे तीन चुकवू नका. २० सेंमी उंच पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरणं: तीन मोजत टाच जमिनीला टेकवायची, प्रत्येक पायाने १२ वेळा, तीन फेऱ्या. गुडघा आत वळतोय का हे स्वतःला दिसत नाही, जोडीदाराने समोर उभं राहून बघायचं. दुसरं, मागचा पाय बाकावर ठेवून बैठका, आठ-आठच्या तीन फेऱ्या. तिसरं, एका पायावर टाच उचलणं, सरळ गुडघ्याने १५ आणि वाकलेल्या गुडघ्याने १५. वाकलेल्या गुडघ्याचं लोक सोडून देतात, आणि चढावर पोटरीचा नेमका तोच आतला स्नायू लागतो.

उतरण्याची ढब: पावलं लहान आणि भरभर, नजर तीन-चार मीटर पुढे, हात बाजूला मोकळे. मागे झुकून टाच रोवली की घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावर, पाय सटकतोच, कारण वजन पायाच्या मागे पडतं. दोघांत किमान तीन मीटर अंतर ठेवा. जोडीने उतरताना मागचा माणूस पुढच्याच्या टाचेकडे बघत राहतो, त्यामुळे वाट त्याला दिसतच नाही. उतारावर पुढे कोण, हे आलटून-पालटून करा.

---

ठाणेकर

आमच्याकडे रोज जाण्याजोगा डोंगर नाही. जोडीदार पुण्यात, मी ठाण्यात. महिन्यातून दोन शनिवार एकत्र जमतील. बाकी दिवसांचं काय करावं?

---

घाटपायथा

ठाणेकर, इमारतीचा जिना वापरा. एक मजला साधारण तीन मीटर धरला तर २० मजले म्हणजे ६० मीटर. दहा फेऱ्या केल्या की एक सिंहगड झाला. पहिले दोन आठवडे वर चढून लिफ्टने खाली या. पुढे दर आठवड्याला दोन-दोन फेऱ्या पायी उतरत जा. एकदम दहाही फेऱ्या पायी उतरलात तर चार दिवस कमोडवर बसता येणार नाही. जिन्यावर कठडा धरायचा नाही, आणि पाठीवर शर्यतीचीच पिशवी, दीड लिटर पाण्यासकट.

येऊरची वाट जवळ आहे, तिचाही उपयोग होईल. जोडीदार लांब असेल तर एकच करा: दर रविवारी रात्री दोघांनी एकमेकांना तीन आकडे पाठवायचे. आठवड्याचे एकूण तास, एकूण चढ आणि दुखतंय का ते शून्य ते दहात. दुखण्याचा आकडा चारच्या वर सलग दोन आठवडे गेला, तर पुढचा शनिवार रद्द करायचा अधिकार दुसऱ्याकडे. स्वतःचा सराव स्वतः रद्द करणं फार थोड्यांना जमतं.

---

भोरकर

वाटेबद्दल. शर्यतीचा नेमका मार्ग त्या वर्षीच्या जीपीएक्स फाइलवरूनच (घड्याळात किंवा फोनवर वाट दाखवणारी फाइल) घ्या, तो थोडाफार बदलू शकतो. पण सरावासाठी पारंपरिक तंगडतोडीचा मार्ग तुकड्या-तुकड्याने करून ठेवावा. तीन तुकडे, तीन वेगळे शनिवार.

पहिला, सिंहगड ते विंझर. कल्याण दरवाज्याने बाहेर पडून धारेने, म्हणजे डोंगराच्या कण्यावरून, जायचं. चढ-उतार अंगावर येणारे नाहीत, पण सावली जवळजवळ नाही. ऑक्टोबरच्या उन्हात इथे दोघांना मिळून पाच लिटर पाणी लागतं. ढोरवाटा इतक्या फुटतात की बोलत-बोलत जाणारी जोडी हमखास चुकीच्या सोंडेवर उतरते. त्यामुळे एकाने वाट बघायची, दुसऱ्याने बोलायचं, आणि दर अर्ध्या तासाला अदलाबदल.

दुसरा, मार्गासनी-साखर-गुंजवणे करून चोर दरवाज्याने राजगड. गुंजवण्यापर्यंत डांबर आणि शेतांमधली वाट आहे, इथे पळता येतं म्हणून लोक जास्त जोर लावतात आणि मग चढावर रिकामे होतात. चोर दरवाज्याआधीचा शेवटचा टप्पा अरुंद आहे. खोदीव पायऱ्या, रेलिंग, समोरून उतरणारी माणसं. इथे काठ्या घडी करून पिशवीला लावा, दोन्ही हात मोकळे हवेत. सुट्टीच्या दिवशी इथे सहज २० मिनिटं खोळंबा होतो, म्हणून सराव करायचा तर सात वाजायच्या आत तिथे असा.

तिसरा तुकडा खरा कस बघणारा: संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने उतरून धारेने तोरण्याकडे. भुतोंडे खिंडीत रस्ता आडवा येतो. कोणी माघार घेणार असेल तर गाडी येऊ शकेल अशी ती जागा. त्यापुढे बुधला माचीपर्यंत मधेच सोडून द्यायला सोयीची वाट नाही. डिसेंबरात गवत कमरेएवढं वाळलेलं असतं, खालची वाट दिसत नाही, आणि मोडून पडलेल्या गवतावरून बूट बर्फासारखा घसरतो. माचीजवळ कातळटप्पे आहेत. तिथे एका वेळी एकानेच चढायचं. दुसऱ्याने बाजूला थांबायचं, बरोबर खाली नाही. दगड सुटला तर "दगड!" एवढंच ओरडायचं, ज्याच्या पायाखालून सुटला त्याने.

तोरणा १,४०३ मीटर. बिनी दरवाज्याने वेल्ह्यात उतरताना साधारण ७०० मीटर सलग उतार लागतो. दिवसभर चढून झाल्यावर मेधाताईंनी सांगितलेल्या मांड्यांची परीक्षा तिथे होते. सरावात हा उतार ताज्या पायांनी करून उपयोग नाही. शेवटी राहील असाच दिवस आखा.

आणि एक, परतीचा पाऊस. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी ढग भरून येतात. बारापर्यंत धारेवरून खाली. वीज कडाडायला लागली तर काठ्या खाली टाका, एकमेकांपासून लांब व्हा आणि माथा सोडा. कुठल्याही झाडाखाली उभं राहू नका.

---

पहाटवारा

खाण्याचं. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हे ५३ किमीसाठी चांगलं लक्ष्य. फक्त ग्लुकोज घेतलं तर पोट साधारण एवढंच शोषतं. फ्रुक्टोज जोडीला असेल तर ९० पर्यंत जाता येतं, पण त्याची सवय आठवड्या-आठवड्याने लावावी लागते. ३० पासून सुरुवात करा आणि दर शनिवारी दहाने वाढवा.

घरचं शरबत: अर्धा लिटर पाणी, ३० ग्रॅम साखर, अर्धं लिंबू, पाव छोटा चमचा मीठ. यातून ३० ग्रॅम कर्बोदकं आणि साधारण ६०० मिलिग्रॅम सोडियम मिळतं. त्याबरोबर तासाभरात पाच साधे बिनबियांचे खजूर खाल्ले की उरलेले ३० ग्रॅम. शेंगदाण्याची चिक्की चविष्ट असली तरी तिच्यात तेल खूप. ३० ग्रॅमच्या वडीत कर्बोदकं जेमतेम १५. ती सावकाश चालायच्या टप्प्यात ठेवा, खड्या चढाआधी नको. उकडलेला बटाटा मिठात घोळवून न्या. चार-पाच तासांनी गोड नकोसं होतं तेव्हा हाच कामी येतो.

जोडीतला नियम असा: घड्याळाचा गजर एकाच्याच मनगटावर, दर २५ मिनिटांनी. वाजला की दोघांनी खायचं, भूक असो वा नसो. चढावर धाप लागलेली असताना घास घशात अडकतो, म्हणून गजर चढात वाजला तर पहिल्या सपाटीपर्यंत थांबा, त्याहून पुढे नको.

पाण्याचा आकडा मात्र ज्याचा त्याचा. तासभराच्या सरावाआधी आणि नंतर उघड्या अंगाने वजन करा. ६४.० चे ६३.२ झाले आणि मधे अर्धा लिटर प्यायलात, तर घाम गेला १.३ लिटर. जोडीदाराचा आकडा ०.८ असू शकतो. त्याच्या घोटावर घोट मारत गेलात तर एकजण सुकणार किंवा दुसरा फुगणार. गेलेला सगळा घाम भरून काढायचाही नसतो, दोन-तीन टक्के वजन कमी होऊन शेवटाला पोहोचणं ठीक.

---

अनवट

खाण्यासाठी ओआरएस पुरत नाही का? आम्ही दोघे नुसती पाकिटं न्यायचा विचार करत होतो.

---

पहाटवारा

नाही पुरत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं, मीठ २.६ ग्रॅम. ते जुलाबासाठी बनवलेलं आहे. सोडियम चांगलं मिळेल, पण ताकद नाही. पाकीट लिटरचं असेल तर लिटरभरच पाण्यात घाला. अर्ध्या लिटरमध्ये घातलं तर मळमळ ठरलेली.

आणि ब्रुफेनसारखी वेदनाशामकं शर्यतीत घेऊ नका. पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडाला धोकादायक असतात, शिवाय शरीरातलं सोडियम घसरण्याचा धोका वाढवतात. जोडीदाराने मागितली तरी देऊ नका.

---

मेधा_क

पहाटवारांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. सोडियम घसरल्याची लक्षणं बऱ्याचदा स्वतःला कळत नाहीत, म्हणून जोडीदाराने बघायची. अंगठी घट्ट होणं, बोटं सुजणं, डोकं दुखणं, उलटी, असंबद्ध बोलणं. अशा वेळी साधं पाणी पाजत राहणं हाच सर्वांत मोठा धोका. थांबवा, मदतकेंद्राला कळवा. दर दोन तासांनी तीनच प्रश्न विचारायचे: शेवटचं काय खाल्लंस, लघवी कधी झाली, पुढचा टप्पा कुठला. तिसऱ्याचं उत्तर चुकलं की थांबून तपासायचं. शर्यत संपल्यावर लघवी कोकच्या रंगाची झाली तर झोपून राहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा.

---

घाटपायथा

शर्यतीच्या दिवसाचा करार. हा आधी कागदावर लिहून काढा. तोंडी बोलणं तोरण्याच्या चढावर आठवत नाही.

एक, कुठपर्यंत बरोबर राहायचं. राजगडापर्यंत बरोबर आणि पुढे आपापलं, हे बहुतेक जोड्यांना झेपतं, कारण पहिल्या अर्ध्यात वेगवान माणसाला आवरणारा कोणीतरी हवाच असतो.

दोन, कोण किती थांबणार. सहा मदतकेंद्रांवर प्रत्येकी पाच मिनिटं म्हणजे अर्धा तास, आणि कटऑफच्या (टप्पा गाठायच्या शेवटच्या वेळेच्या) हिशोबात अर्धा तास फार मोठा. थांबायची कमाल मर्यादा तीन मिनिटं ठरवा. मागचा दिसत नसेल तर पुढच्याने निघायचं आणि मागच्याने मनाला लावून घ्यायचं नाही.

तीन, एकाने माघार घेतली तर दुसऱ्याने काय करायचं. माघार घेणारा मदतकेंद्रावर स्वयंसेवकांच्या ताब्यात पोहोचला असेल तर दुसऱ्याने पुढे जायचं. वाटेत मधेच इजा झाली असेल तर शर्यत तिथे संपली, मदत येईपर्यंत दोघांनी एकत्र थांबायचं. यात तडजोड नाही.

सामान वाटून घेऊ नका. डोक्यावरचा दिवा, शिट्टी, चंदेरी ब्लँकेट, प्रथमोपचार आणि किमान दीड लिटर पाणी प्रत्येकाकडे स्वतःचं. एकाच्या पिशवीत दोघांचे दिवे असले आणि जोडी फुटली, तर दुसरा अंधारात. डिसेंबरच्या मध्यावर पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाला मावळतो, म्हणजे पहाटेच्या स्टार्टला आणि सायंकाळी अशा दोन्ही वेळी दिवा लागणारच.

---

अनवट

काठ्यांचं काय? जोडीदार म्हणतो घेऊ, मला ओझं वाटतं.

---

भोरकर

गुंजवण्याच्या चढाला आणि वेल्ह्याच्या उताराला काठ्यांचा फायदा आहे, पण सराव नसेल तर नको. किमान सहा शनिवार वापरलेल्या असल्या तरच. मागच्याच्या पोटाशी टोक जातं, म्हणून काठ्या वापरात नसताना टोकं खाली आणि पुढे. आयोजकांची परवानगी आहे का तेही वाचा.

---

मेधा_क

पायांचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. डिसेंबरात त्या धारेवर कुसळं असतात. मोज्याच्या विणीत शिरतात, टोक आतल्या बाजूला आणि शेपूट बाहेर. बाहेरून शेपूट ओढली तर तुटते आणि टोक आत राहतं. दहा किलोमीटर गेल्यावर घोट्याजवळ तांबडा पट्टा उठतो. मोजा काढून उलटा करायचा, टोक चिमट्याने धरून ज्या दिशेने शिरलं त्याच दिशेने पुढे ओढून काढायचं. चिमटा पिशवीत हवा, वजन नगण्य. बुटांवर पातळ गेटर (बुटाचं तोंड आणि घोटा झाकणारं कापडी आवरण) घातले तर बरंचसं टळतं. बारीक विणीचे मोजे घ्या, जाड लोकरीसारख्या विणीत कुसळं जास्त धरतात.

नखं काळी होण्याचं कारण लेस. उतारावर पाऊल बुटात पुढे सरकतं आणि अंगठा आदळतो. बुटाच्या सर्वांत वरच्या जादा भोकात लेस त्याच बाजूने आत घालून छोटी कडी करायची. दोन्ही बाजूंना कड्या झाल्या की लेसची टोकं विरुद्ध बाजूच्या कडीतून काढायची, खालच्या दिशेने ओढायची आणि मग गाठ. टाच बुटात घट्ट बसते, पंजा मोकळा राहतो. राजगडावरून उतरायच्या आधी एकदा पुन्हा ओढून घ्या. बूट नेहमीच्यापेक्षा अर्धा क्रमांक मोठा, तळाचे दात चार-पाच मिलिमीटर. नवा बूट शर्यतीआधी किमान ८० किमी वापरलेला असावा.

---

ठाणेकर

जिन्याचं गणित वापरून तक्ता मांडला आहे, दहा आठवडे भरले. शेवटच्या दोन आठवड्यांत किती कमी करायचं?

---

घाटपायथा

दोन आठवडे आधी नेहमीच्या ६० टक्के, शेवटच्या आठवड्यात ३० टक्के. वारंवारता तीच ठेवा, वेळ कमी करा. जोर पूर्ण बंद करू नका, मंगळवारी चढावर ३० सेकंदांचे चार धावे असू द्या. शेवटचा शनिवार एकत्र घालवा, पण पळण्यासाठी नाही: दोघांच्या पिशव्या जमिनीवर रिकाम्या करा आणि एकमेकांच्या तपासा. दिव्याच्या बॅटऱ्या, शिट्टी वाजते का, पाण्याच्या पिशवीचा पाइप गळतो का, मांड्यांना आणि काखेत लावायची व्हॅसलीनची डबी, घरच्यांचा फोन क्रमांक बिबच्या (छातीवर लावायच्या शर्यत-क्रमांकाच्या कागदाच्या) मागे लिहिला का. पहाटे गडपायथ्याला थंडी असते. स्टार्टपर्यंत घालायला जुना स्वेटर न्या आणि तो कुणाकडे द्यायचा तेही शनिवारीच ठरवा.